तेवीस बिल्ले

"हे झाड विहिरीचं. हे पांदीचं. हे आमच्या आत्याबाईंचं, म्हंजी सासूबाईंचं, हिथं बसून त्या भाकर खायच्या. हे गंजीचं…"

"एक मिनिट आजी, विहीर कुठंय?"

"ही काय!" मथुराबाईनं चप्पल डांबरावर आपटली. "तू हुबी हायेस ती थेट कठड्यावर."

शेफाली दचकून दोन पावलं मागं सरकली आणि मग स्वतःलाच हसली. पायाखाली डांबर, डांबरावर पांढरा पट्टा, आणि पट्ट्यावरून दुधाचा टेम्पो हॉर्न देत चाललेला. पण मथुराबाईनं ज्या सहजपणे पदर सावरून त्या नसलेल्या विहिरीला वळसा घातला, त्याच सहजपणे शेफालीनंही वळसा घातला. त्यानंतर ती जेव्हा जेव्हा तिथून गेली, तेव्हा वळसा घालूनच.

हडपसरचा हा रस्ता कॅनॉलपासून सिग्नलपर्यंत जातो. एका बाजूला सोसायटीची लांबलचक भिंत. भिंत आणि डांबर यांच्यामध्ये सहा हात रुंदीची मातीची पट्टी, आणि त्या पट्टीत ओळीनं तेवीस झाडं. रस्ता होण्याआधी ही पट्टी म्हणजे मथुराबाईच्या शेताचा बांध होता. शेतावर चार विंगा उभ्या राहिल्या, त्यातल्या बी विंगमध्ये चौथ्या मजल्यावर मथुराबाई, तिचा नवरा गेनबा, मुलगा विक्रम आणि सून निशा राहायला गेले. कोणी कोणाला फसवलं नव्हतं. गेनबानं आपल्या हातानं सह्या केल्या होत्या, पेढे वाटले होते. फक्त नव्या घरातल्या पहिल्या सकाळी मथुराबाई साडेपाचला उठली, पाय खाली सोडले, गार फरशी लागली, आणि तिला कळेना की आता उठून करायचं काय.

आठ दिवस तिनं कसेबसे काढले. नवव्या दिवशी ती खुरपं घेऊन लिफ्टमध्ये शिरली.

"कुठं निघालात, आजी?" वॉचमननं विचारलं.

"रानात," ती म्हणाली आणि गेटबाहेर पडली.

रान म्हणजे ही सहा हात पट्टी. तिच्यावर तेव्हा विटांचे तुकडे, सिमेंटच्या पिशव्या आणि गाजरगवत. मथुराबाईनं ती दोन महिने नुसती साफ केली. मग विहिरीकडच्या बाजूला कडुनिंबाची अकरा रोपं लावली, जुन्या बांधावरच्या निंबाच्या निंबोळ्या तिनं फडक्यात बांधून आणल्या होत्या. सिग्नलकडच्या बाजूला अकरा करंज. तिथं गाड्या थांबतात, धूर होतो, आणि करंज धुराला जुमानत नाही असा तिचा हिशेब. बरोबर मध्ये, जिथं पूर्वी गोठा होता, तिथं एक उंबर आपला आपणच उगवला. "गोठ्याची जागा हाय, शेणाची माती. येनारच की," ती म्हणाली आणि त्यालाही आळं केलं.

पाण्याची सोय मोठी गमतीची. प्रत्येक फ्लॅटमध्ये पाणी शुद्ध करायचं मशीन, आणि त्या मशीनमधून एका नळीवाटे वाया जाणारं पाणी. मथुराबाई दारोदार कॅन ठेवून आली. "तुमच्या नळीतनं जे वाया जातंय ते ह्याच्यात सोडा. दुसरं काय नको मला." संध्याकाळी एकेक मजला उतरत ती कॅन गोळा करायची. पहिले दोन उन्हाळे तर प्रत्येक रोपाशेजारी भोक पाडलेलं, चिंधी लावलेलं मडकं पुरलेलं होतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं, "त्या आजी रोज पाणी नेतात, ते कोणाच्या परवानगीनं?" त्यावर निशानं उत्तर दिलं, "गटाराच्या परवानगीनं. तिकडेच जात होतं ना ते?"

गेनबा मात्र एकदाही त्या पट्टीवर आला नाही. बाल्कनीसुद्धा त्यानं पलीकडची धरली. मथुराबाई हात धुताना सांगायची, "अवो, खळ्याच्या झाडाला मोहर आलाय." तो टीव्हीवरून नजर न काढता म्हणायचा, "खळं कुठंय, आन मोहर कशाला येतोय."

आणि तरी, तिनं एखाद्या दिवशी काहीच सांगितलं नाही, तर रात्रीच्या जेवणाला तोच विचारायचा, "आज बातम्या नाय व्हय रानाच्या?"

झाडं आठ वर्षांची झाली तेव्हा बिल्ले आले. मथुराबाई भाच्याच्या लग्नाला सासवडला गेली होती. तीन दिवसांनी परत येऊन बघते, तर प्रत्येक खोडावर छातीच्या उंचीला पत्र्याचा एक चौकोनी बिल्ला, त्यावर आकडे, आणि बिल्ल्याच्या मधोमध खिळा. झाडांची मोजणी करणारे लोक येऊन गेले होते. ती तरातरा वर आली.

"माझ्या लेकरांना खिळे मारून गेले मुडदे!"

"खिळे नायत ते," गेनबा म्हणाला. "आधार कार्ड दिलंय झाडांना. आता रेशन बी मिळंल. गप बस."

ती गप्प बसली, पण मनातून नाही.

शेफाली तिच्या आयुष्यात आली ती ह्याच सुमारास. मूळची नागपूरची, आयटीत नोकरी, सी विंगमध्ये भाड्यानं. वर्क फ्रॉम होमच्या एका दुपारी ती बाटलीभर पाणी घेऊन खाली आली आणि कौतुकानं एका करंजाला घालू लागली. मागून आवाज आला, "ए पोरी! उन्हाचं पानी घालतीस? शिजवून खायचाय का?" तिथून मैत्री झाली. शेफालीचा रविवारचा एक ग्रुप होता. पाठीवर सॅक, हातात पक्कड, डोक्याला टोपी. शहरातल्या झाडांना ठोकलेले जाहिरातींचे खिळे काढत हिंडायचे. गणिताचे क्लास, वन बीएचके भाड्यानं, वजन घटवा: खोडाखोडावर दुकान. एका रविवारी तिनं सगळा ग्रुप मथुराबाईच्या ओळीवर आणला.

मथुराबाई त्या दिवशी लग्नघर असल्यासारखी वावरली. सगळ्यांना कांदेपोहे. मग स्वतः पक्कड घेऊन बसली. एक खिळा वाकडा होऊन आत रुतला होता, तो तिनं शेफालीच्या दोन मित्रांना बाजूला सारून असा अलगद काढला, की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"आता हे," ती बिल्ल्याकडे वळली.

"नाही, नाही आजी! ते राहू दे. ते सर्व्हेचे नंबर आहेत. गव्हर्न्मेंटचे."

"खिळाच हाय की."

"हो, पण तो ऑफिशियल खिळा आहे."

"झाडाला कसं कळायचं गं, ह्यो हापिसाचा आन त्यो क्लासवाल्याचा?"

सगळे हसले. शेफालीही हसली. आणि त्या हसण्यात उत्तर राहून गेलं. जाताना मथुराबाई म्हणाली, "ही पक्कड ऱ्हाऊ दे माझ्याकडं उद्याचा दिस." शेफालीनं दिली. कशाला, हे तिनं विचारलं नाही.

सोमवारी सकाळी, सगळी पोरं ऑफिसला गेल्यावर, मथुराबाईनं तेवीसच्या तेवीस बिल्ले उपटले. भोकांमध्ये हळद भरली, वरून ओली माती लिंपली. बिल्ले फेकून द्यायचा तिचा स्वभाव नव्हता. चैत्र लागला होता, गच्चीवर निशाच्या कुरडया वाळत होत्या आणि कबुतरांनी उच्छाद मांडला होता. मथुराबाईला कणसं भरल्यावर शेतात बांधायचे ते पत्र्याचे डबे आठवले. तिनं तेवीस बिल्ले सुतळीत ओवले आणि ती माळ कुरडयांवरून आडवी ताणली. वारा आला की खळ्ळ्, खळ्ळ्.

"आई, खरंच येत नाहीत हो कबुतरं!" निशा हरखून म्हणाली. "शेजारच्या काकूंना हवीय असली माळ."

"तिला म्हनावं तुझी तू बघ. येवढीच निघाली."

दोन वर्षं ती माळ वाजत राहिली.

ह्या फेब्रुवारीत रस्त्यावरच्या खांबावर एक कागद चिकटला. शेफालीनं उभ्या उभ्या वाचून दाखवला. रस्ता रुंद होणार. ह्या बाजूची पट्टी त्यात जाणार.

मथुराबाईनं श्वास रोखला. "आन झाडं?"

"थांबा, ते पण दिलंय. ज्या झाडांची नोंद आहे, ती मुळासकट काढून कॅनॉलपलीकडच्या मोकळ्या जागेत लावणार. नोंद नसलेली…" ती थांबली.

"नसलेली?"

"तोडणार."

मथुराबाईनं श्वास सोडला. "मग आपल्याला काय? आपली समदी नोंदलेली हायेत. बिल्लेवाली."

शेफालीनं समोरच्या खोडाकडे पाहिलं. मग पुढच्या. मग धावतच पुढच्या पाच-सहा झाडांपर्यंत गेली आणि हळूहळू चालत परत आली.

"आजी. नंबर कुठे गेले?"

दुसऱ्या दिवशी अनिरुद्ध आला. सर्व्हेचं काम घेतलेल्या एका एजन्सीत तो कामाला होता. सदाशिव पेठेत वाढलेला, त्यामुळे बोलणं मोजकं आणि टोकदार. हातात टॅबलेट, गळ्यात ओळखपत्र. शेफाली ऑफिसला गेली होती. मथुराबाई एकटीच त्याच्यासमोर उभी राहिली.

"आजी, ह्या झाडांचे बिल्ले?"

"घरी हायेत."

"घरी?"

"म्हंजी गच्चीवर. कबुतरांसाठी."

अनिरुद्धनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "छान. म्हणजे कबुतरांची नोंद झाली म्हणायची."

"झाडाला दुखायचं हो, साहेब. म्हनून काढले."

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्याचा आवाज उतरला. "हे बघा. माझ्या यादीत इथं तेवीस झाडं आहेत. समोर तेवीस खोडं उभी आहेत. पण हीच ती, असं मी कशावरून लिहू? मी मंगळवारी परत येतो. तोपर्यंत बिल्ले होते तसे दिसू द्या. ज्याचा त्याला. कोणता कोणाचा, ओळखता ना?"

इथं मथुराबाई चुकली. "नाय," असं तिनं म्हणायला हवं होतं. म्हणाली असती, तर त्यानं टॅबलेट पुढं करून यादी दाखवली असती. तशी माणुसकी त्याच्यात होती. पण ज्या बाईनं ही झाडं रोपापासून वाढवली, तिला कोणी विचारावं, ओळखता ना? तिचा हात आपोआप कमरेवर गेला.

"मी नाय वळखनार तर कोन?"

सोमवारी दुपारी डायनिंग टेबलावर सुतळी सोडली. बिल्ले पसरले. आकडे वाचायचं काम गेनबाकडे. इतकी वर्षं जो माणूस पट्टीवर फिरकला नव्हता, तो चष्मा लावून, ओठ हलवत एकेक बिल्ला ओळीत मांडू लागला. अकराशे चाळीस. अकराशे एकेचाळीस. शेवटचा अकराशे बासष्ट.

"एकामागं एकच हायेत," तो म्हणाला. "म्हंजी ओळीनं ठोकत गेले असनार. सोपं हाय. फक्त सुरुवात कुठनं?"

"कुठनं म्हंजी?" मथुराबाईला प्रश्नच कळेना. "विहिरीपासनं."

"ते तर हायेच. विहिरीपासनंच," गेनबा म्हणाला.

दोघांच्याही मनात दुसरं टोक आलंच नाही. पेरणी विहिरीपासून. पाणी पहिल्यांदा विहिरीकडच्या वाफ्याला. कापणीला बायका उतरायच्या त्याही विहिरीकडून. चाळीस वर्षं ज्या रानात प्रत्येक काम एका कोपऱ्यापासून सुरू झालं, त्या रानाची मोजणी दुसरीकडून सुरू होऊ शकते, हे त्यांना सांगायला तिथं कोणी नव्हतं.

"चला की खाली," ती म्हणाली. "बिल्ला धरायला दुसरा हात लागतोय."

"मी नाय येत," गेनबा म्हणाला आणि पुन्हा टीव्हीकडे तोंड करून बसला. "तू जा. ओळ चुकू नको म्हंजी झालं."

हातोडी विक्रमच्या गाडीत होती आणि विक्रम साइटवर. मथुराबाईनं वरवंटा घेतला, पदरात तेवीस नवे खिळे, आणि निघाली.

पहिल्या कडुनिंबासमोर ती बराच वेळ उभी राहिली. हळद भरलेलं जुनं भोक आता भरून आलं होतं, सालीवर नुसता एक डाग. तिनं त्याच्या वरच्या अंगाला बिल्ला टेकवला.

"थांब हां," ती हळूच म्हणाली. "जरासंच."

ठक्.

येणारे-जाणारे बघत होते. एका स्कूटरवाल्यानं थांबून सुनावलं, "आजी, ह्या वयात तुम्ही तरी झाडांना खिळे मारू नका हो! शोभतं का?" मथुराबाईनं पुढच्या बिल्ल्यावर खिळा टेकवला. संध्याकाळी शेफाली धापा टाकत आली तेव्हा ती एकविसाव्या झाडाशी होती, वरवंट्याला साल लागलेली.

"अहो आजी, तारेनं बांधले असते की!"

"त्यो म्हनला, व्हते तसे." तिनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. "व्हते तसेच केले."

शेवटचे दोन शेफालीनं धरले, मथुराबाईनं ठोकले. त्या दिवशी वर आल्यावर तिनं रानाची बातमी सांगितली नाही आणि गेनबानंही विचारली नाही.

मंगळवारी अनिरुद्ध आलाच नाही. त्याला अचानक खडकीच्या कामावर पाठवलं होतं. दुसराच कोणीतरी आला, कानात इअरफोन, फोनवर बोलतच. प्रत्येक झाडाचा एक फोटो, बिल्ल्याचा एक फोटो, अर्ध्या तासात ओळ संपली. मथुराबाई चहाचा थर्मास घेऊन त्याच्यामागून चालत होती.

"सगळे हायेत ना, साहेब?"

त्यानं अंगठा वर केला. मथुराबाईनं त्या अंगठ्यावर भरवसा ठेवला. निशाला म्हणाली, "शिरा कर गं, तूप जरा सैल हातानं घाल." संध्याकाळी सी विंगपर्यंत वाटी गेली.

गुरुवारी खांबावर यादी लागली. शेफालीनं ती वाचली, परत वाचली, बोट ठेवून तिसऱ्यांदा वाचली.

"आजी, हलवायच्या यादीत आपलं एकच झाड आहे. अकराशे एकावन्न. उंबर."

"आन बाकीची?"

"बाकीची दुसऱ्या यादीत." शेफालीनं बोट खालच्या कागदावर नेलं. "कारण दिलंय, नंबर आणि झाड जुळत नाही."

अनिरुद्ध मथुराबाईकडे आपला नंबर ठेवून गेला होता, शेफालीनं तिथल्या तिथं त्याला फोन लावला. तो शुक्रवारी संध्याकाळी खडकीहून थेट आला, काम नसताना, गळ्यात ओळखपत्र नसताना. टॅबलेट उघडून ओळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. मथुराबाई आणि शेफाली त्याच्यामागून. परत येताना तो मध्येच, उंबरापाशी थांबला. त्याला कोडं सुटलं होतं, पण आनंद मात्र झाला नव्हता.

"आजी, बिल्ले लावायला सुरुवात कुठून केलीत?"

"विहिरीपासनं."

"विहीर?" त्यानं इकडेतिकडे पाहिलं.

शेफालीनं मुकाट्यानं डांबराकडे बोट दाखवलं.

"मोजणीवाले सिग्नलपासून आले होते," अनिरुद्ध म्हणाला. "पहिला नंबर त्या टोकाच्या करंजाचा आहे. तुम्ही तो ह्या टोकाच्या कडुनिंबावर लावलात. सगळी ओळ उलटी झाली. करंजांचे नंबर कडुनिंबांवर, कडुनिंबांचे करंजांवर. मधलं तेवढं मध्येच राहिलं, म्हणून जुळलं."

मथुराबाईनं ओळीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. मग तिचा चेहरा एकदम उजळला. "मग काय अवघड हाय! फिरवती की. आत्ता फिरवती. शेफाली, पळ, वरवंटा आन. सिंकच्या खाली…"

"आजी."

"रातभर जागून करती, सकाळपतुर—"

"आजी, यादीवर सह्या झाल्यात." अनिरुद्ध खाली बघून बोलत होता. "मी काल दोनदा साहेबांशी बोललो. नंबरांचा काहीतरी घोटाळा झालाय, एकदा बघू द्या, म्हणालो. ते म्हणाले, ज्या झाडांचे नंबर एकदा गायब झाले आणि एकदा भलतेच निघाले, त्यांच्यावर तिसऱ्यांदा सही मी कशी करू? त्यांच्या खुर्चीत मी असतो, तर मीही हेच म्हणालो असतो."

"पन मी सांगती ना. कुठल्याबी कागदावर अंगठा देती. मी लावलीत ही!"

"तुम्ही लावलीत हे मला माहितेय. ते लिहायला यादीत रकाना नाही."

तो नेहमीसारखाच टोकदार बोलला होता, पण बोलून झाल्यावर त्याचाच चेहरा पडला. मथुराबाई उंबराच्या बुंध्याशी बसली. दोन वर्षांत शेफालीनं तिला तिथं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. कायम उभी, कायम वाकलेली.

"मंगळवारी तू का नाय आलास रे?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, नुसतं विचारणं.

अनिरुद्धनं टॅबलेट बंद केला.

रविवारी सकाळी सात वाजता ट्रक आला. क्रेन आली. कटर मशीन घेऊन चौघं उतरले. विक्रम आदल्या दिवसापासून आईला सांगत होता, "आई, तू बघू नकोस. निशाबरोबर मार्केटला जा. आणि रोड झाला की आपल्याच फ्लॅटचा रेट वाढेल, तेवढं तरी बघ." ती ऐकून घेऊन खाली आली होती. शेफाली आणि तिचा ग्रुप भिंतीला टेकून उभा होता. दोघांनी हातात पुठ्ठ्याचे फलक धरले होते. मशीनवाला फलक वाचून म्हणाला, "ताई, आमच्यावर कशाला? आम्ही पोटासाठी आलोय," आणि फलक हळूहळू खाली आले.

मशीन सुरू व्हायच्या आधी त्यातल्या मुकादमानं पहिल्या कडुनिंबावरून हात फिरवला आणि थबकला.

"मावशी, हे खिळे कोणी मारलेत?"

"मी," मथुराबाई म्हणाली.

"लोखंडावर मशीनची साखळी गेली की तुटते. उडून अंगावर येते माणसाच्या. सगळ्यांना हायेत का?"

"सगळ्यांना हायेत."

"काढावे लागतील मग. पक्कड हाय का कोणाकडं?"

भिंतीपाशी सात सॅकमध्ये सात पकडी होत्या. कोणाचाच हात सॅककडे जाईना. शेवटी शेफालीनं आपली काढली आणि पुढं झाली. मथुराबाईनं ती तिच्या हातातून घेतली.

"आन हिकडं. तुला जमायचं नाय. मी ठोकलेत, मला ठाव हाय कुठला किती आत गेलाय."

तिनं पहिला खिळा पकडीत धरला आणि ओढला. बिल्ला हातात आला. ठेवायचा कुठं, म्हणून ती वळली, तर शेजारी एक हात पुढं आला. हातात पत्र्याचा जुना बिस्किटाचा डबा.

गेनबा होता. पायात घरातलीच स्लिपर, अंगात बंडी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा पट्टीवर.

"टाक ह्याच्यात," तो म्हणाला. मग झाडाकडे वर, शेंड्यापर्यंत पाहिलं. "हे कुठलं?"

"विहिरीचं."

"हं." त्यानं डबा दुसऱ्या हातात घेतला. "आन ते पांदीचं ना? फुडचं आईचं."

"व्हय."

तिनं खिळा काढायचा, त्यानं डबा धरायचा, दोन पावलं पुढं. मागून मशीनचा आवाज. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. पडायच्या आवाजावरून गेनबाला कळत होतं, कुठलं पडलं. एकदा तो थांबला, म्हणाला, "गंजीचं लय वाढलं व्हतं गं." आणि पुन्हा चालू लागला.

अकरा बिल्ले डब्यात जमले आणि ती दोघं उंबरापाशी आली. उंबराच्या फांद्या क्रेनसाठी आधीच छाटल्या होत्या. बुंध्याभोवती खड्डा, मुळं गोणपाटात गुंडाळलेली. मथुराबाईनं सवयीनं पक्कड उचलली.

"आजी, नको!" अनिरुद्ध मागून जवळजवळ ओरडलाच. तो कधी आला होता, कोणाला कळलं नव्हतं. "ह्याचा काढू नका. पलीकडे उतरवून घेताना नंबर बघतात. नंबर नसेल, तर हेही परत पाठवतील."

मथुराबाईचा हात तिथंच राहिला. खिळ्याच्या बाजूनं उंबराचा पांढरा चीक ओघळला होता. ओघळून बिल्ल्यावर आला होता, वाळून घट्ट झाला होता, वर आणखी ओला येत होता.

"जरा सैल तरी करू का?"

"सैल केलात आणि वाटेत पडला तर?"

क्रेनवाल्यानं वरून आवाज दिला. पट्टे बुंध्याभोवती आवळले. अनिरुद्धनं वाकून बिल्ला पाहिला.

"चिकानं आकडा झाकलाय," तो हळू आवाजात म्हणाला. "एवढा पुसून घ्या, आजी. स्वच्छ दिसला पाहिजे."

मथुराबाईनं पक्कड गेनबाच्या हातातल्या डब्यात ठेवली. पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि लहान मुलाचं तोंड पुसावं तसा तो बिल्ला पुसू लागली. खिळ्याच्या कडेकडेनं, पत्रा हलणार नाही अशा बेतानं. चीक पुसला की परत येत होता.

"लय आत गेलाय गं," गेनबा म्हणाला.

"म्याच ठोकलाय," ती म्हणाली आणि पुसत राहिली.